संच नको, एक जाड बुडाचं पातेलं घ्या

भांड्यांचे महागडे संच विकणारे लोक सोसायटीच्या हॉलमध्ये प्रात्यक्षिक ठेवतात. आधी तेल-पाण्याशिवाय भाजी शिजवून दाखवतात, मग तुमच्या घरचं एक भांडं मागवून घेतात. त्यात आणि त्यांच्या भांड्यात सोडा घातलेलं पाणी उकळून दोन्ही चाखायला देतात. घरच्या भांड्यातलं पाणी कडवट, साबणासारखं लागतं. "बघा ताई, भांड्यातून सुटलेला धातू रोज पोरांच्या पोटात जातोय!" आमच्याकडे असंच झालं आणि त्या धास्तीने अख्खा संच हप्त्यांवर घरात आला.

पुढे मी तोच सोडा काचेच्या भांड्यात उकळून पाहिला. काचेतून कुठला धातू सुटणार? तरी चव तीच. खाण्याचा सोडा पाण्यात उकळला की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि धुण्याच्या सोड्याचा अंश तयार होतो. ती कडवट चव त्याची. जितकं जास्त उकळाल तितकी ती वाढते, म्हणजे दोन भांड्यांतला फरक उकळण्याचा. घरच्या स्टीलच्या पातेल्याचा त्यात काडीचाही दोष नाही. आईच्या मनात मुलांच्या तब्येतीची भीती घालून भांडी गळ्यात मारायची, याची मला मनापासून चीड येते.

संचातली निम्मीअधिक भांडी माळ्यावर आहेत. कधी न लागणारी झाकणं, वाफवायच्या जाळ्या, चार माणसांच्या घरात न मावणारं भलंमोठं भांडं. पण त्यातलं एक मध्यम पातेलं मी रोज वापरते, आणि चांगल्या भांड्यावर पैसे खर्च करावेत हे मला त्यानेच पटवलं. पुरणाचं बघा. गूळ घातल्यावर ते आधी सैल होतं, मग आटायला लागतं. डाव उभा राहायची वेळ आली की पातळ बुडाच्या पातेल्यात हमखास खाली लागतं आणि करपट वास सगळ्या पुरणाला येतो. या पातेल्यात मंद आचेवर ते निवांत आटतं.

कारण साधं आहे. स्टेनलेस स्टील उष्णता फार सावकाश वाहून नेतं, ॲल्युमिनियम त्याच्या दहापटीहून अधिक चांगलं. म्हणून पातळ स्टीलच्या भांड्यात ज्योतीच्या वरचा भाग तापून लाल होतो आणि कडेचा मागे राहतो. ट्रायप्लायमध्ये स्टीलच्या दोन थरांमध्ये ॲल्युमिनियम असतं, त्यामुळे आच सगळीकडे सारखी पसरते. दुकानात भांड्याची कड नीट निरखा. काही भांड्यांत तीन थरांच्या रेषा दिसतात. नाही दिसल्या तर स्पष्ट विचारा : थर काठापर्यंत आहेत की फक्त बुडाला चकती बसवली आहे? आमटी-भाताला चकतीचं बूड पुरतं. परतायच्या कढईला मात्र काठापर्यंत थर हवेत, नाहीतर मसाला कडेला करपतो. इंडक्शन वापरत असाल तर खिशात एक लोहचुंबक ठेवा. बुडाला घट्ट चिकटला तरच भांडं घ्या.

नॉनस्टिकवर मात्र फार पैसे घालू नका. रिकामा तवा मोठ्या गॅसवर काही मिनिटांत इतका तापतो की लेप खराब व्हायला लागतो (२६० अंशांच्या पुढे तो टिकत नाही), आणि लेप गेला की महाग तवा आणि स्वस्त तवा सारखेच. घावन, आंबोळी, थालीपीठ यांना बिडाचा तवा घ्या. तेल पाजून मुरवलात तर वर्षानुवर्षं चालतो, आणि किंमतही बेताची. त्यात चिंच-कोकमाचं काही शिजवू नका, मुरलेला थर निघून जातो. तांब्या-पितळेची हौस असेल तर कल्हई करणारा जवळपास आहे का, हे आधी बघा. कल्हईचं कथील २३२ अंशांनाच वितळतं, तेव्हा असं भांडं रिकामं गॅसवर ठेवायचं नाही. कुकर घेताना आयएसआय चिन्ह बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

घरात रोज काय शिजतं ते आठवा आणि त्यासाठी एक पातेलं, एक कढई चांगली घ्या. ती सहा महिने वापरून मगच पुढचं भांडं. आणि प्रात्यक्षिक चालू असताना, कितीही सवलत देऊ केली तरी, त्या दिवशी कागदावर सही करू नका.