वाळवंटातील मोसमी पाऊस
(भूगोलाच्या पाठासाठी टिपण)

प्राथमिक शाळेतील वाळवंटाचा पाठ बहुधा उंट, खजूर आणि वाळूच्या टेकड्या यांवरच संपतो. पाऊस पडत नाही म्हणून ते वाळवंट, एवढे वाक्य फळ्यावर लिहिले की पाठ पुरा झाला, असे शाळाभेटीच्या वेळी पुष्कळदा आढळते. परंतु वाळवंटातही पूर येतो आणि त्यात माणसे बुडून मरतात. हे कसे घडते, हा प्रश्न वर्गापुढे ठेवल्यास पाठाला जीव येईल. त्यासाठी उत्तर अमेरिकेतील सोनोरा वाळवंटाचे उदाहरण घ्यावे. हे वाळवंट अमेरिकेच्या ॲरिझोना व कॅलिफोर्निया या राज्यांत आणि मेक्सिकोच्या वायव्य भागात पसरले आहे. टूसॉन व फिनिक्स ही मोठी शहरे त्याच्याच कुशीत वसलेली आहेत.

पाठाचा प्रारंभ वळवापासून करावा. सकाळी आकाश निरभ्र, दुपारी डोंगरावर कापसासारखे ढग, सायंकाळी धुळीचा लोट, विजा आणि टपोऱ्या थेंबांची सर, हा क्रम आपल्या मुलांच्या पूर्ण परिचयाचा आहे. सोनोरातील उन्हाळी पाऊस दिसावयास असाच असतो. मात्र तो जुलै ते सप्टेंबर या काळात पडतो. टूसॉनला वर्षाकाठी सरासरी सुमारे २७० मिलिमीटर पाऊस होतो आणि त्यातील निम्मा या एका हंगामात पडतो. आपल्या माण व जत या दुष्काळी तालुक्यांची सरासरीही याहून अधिक आहे.

ऊन तापले की पाऊस येतो, हे मुलांचे (आणि कधी कधी आपलेही) समीकरण येथे मोडते. जून महिन्यात फिनिक्सला पारा ४० अंशांच्या वर चढतो, तरी थेंब पडत नाही. कारण त्या वेळी पश्चिमेकडून येणारा वारा कोरडा असतो. ऊन हवेला वर चढविते, पण हवेत बाष्पच नसेल तर चढून उपयोग काय? ते बाहेरून यावे लागते. जुलैच्या सुमारास उच्च दाबाचा पट्टा उत्तरेकडे सरकतो, वाऱ्याची दिशा पालटते आणि दक्षिणेकडून व आग्नेयेकडून दमट हवा येऊ लागते. काही बाष्प मेक्सिकोच्या आखातावरून उंचावरून येते, तर काही कॅलिफोर्नियाच्या आखातावरून जमिनीलगत येते. नकाशात हे दुसरे आखात मुलांस अवश्य दाखवावे. एका बाजूस बाहा कॅलिफोर्नियाचा डोंगराळ द्वीपकल्प आणि दुसऱ्या बाजूस सिएरा माद्रे पर्वत, यांमधील ही अरुंद पट्टी पाटासारखी आहे. प्रशांत महासागरातील एखादे चक्रीवादळ आखाताच्या तोंडाजवळून गेले की दमट हवा या पाटाने थेट ॲरिझोनापर्यंत चढते. वादळ स्वतः तेथे पोहोचावेच लागते असे नाही. ८ सप्टेंबर २०१४ रोजी नॉर्बर्ट नावाच्या विरलेल्या चक्रीवादळाच्या बाष्पाने फिनिक्समध्ये एका दिवसात सुमारे ८४ मिलिमीटर पाऊस पाडला. तेथे संपूर्ण मोसमी हंगामात सरासरीने इतकाही पाऊस होत नाही.

हवेतील बाष्प डोळ्यांना दिसत नाही, ही शिकविण्यातील खरी अडचण आहे. ती दूर करण्यास एक तांब्या पुरे. तांब्यात पाणी घेऊन त्यात थोडा थोडा बर्फ टाकीत जावे, सावकाश ढवळावे आणि तांब्याच्या बाहेरच्या अंगाला दव धरू लागताच तापमापकावरील अंश टिपून घ्यावा. तोच दवबिंदू होय. हा प्रयोग एप्रिलमध्ये व पुन्हा जुलैमध्ये करावा आणि दोन्ही आकडे भिंतीवर शेजारी शेजारी लिहावेत. फिनिक्समध्ये २००८ सालापूर्वी पावसाळ्याचा आरंभ याच मापाने ठरवीत असत. सरासरी दवबिंदू सलग तीन दिवस सुमारे १३ अंश सेल्सिअस किंवा अधिक राहिला की पावसाळा लागला, असे मानीत. आता सोयीसाठी १५ जून ते ३० सप्टेंबर हा ठराविक काळ धरतात. शिकविण्याच्या दृष्टीने मला जुनी रीतच अधिक पसंत आहे.

हा पाऊस भरवशाचा नाही. टूसॉनला २०२० च्या हंगामात जेमतेम ४१ मिलिमीटर पाऊस झाला आणि लगेच पुढच्या वर्षी सुमारे ३२५. कित्येकदा ढगातून सरी लोंबताना दिसतात, पण खालच्या कोरड्या हवेत त्या वाटेतच विरून जातात. अशा वेळी गार झालेली हवा वेगाने खाली कोसळते, जमिनीवर पसरते आणि धुळीची भिंत उभी करते. ५ जुलै २०११ रोजी फिनिक्सवर चालून आलेली अशी भिंत सुमारे मैलभर उंच होती.

तरीही तेथील जीवसृष्टी या पावसाच्या आधारावर जगते. जमिनीत महिनोन्‌महिने दडून राहिलेले भेक पहिल्या वादळासरशी वर येतात. डबके आटण्यापूर्वी त्यांची पिले आठदहा दिवसांत बेडूकरूप घेतात. तेथील मूळ रहिवासी तोहोनो ओओधाम हे ओहोळांच्या मुखाशी, जेथे पुराचे पाणी पसरते तेथे, राजम्याच्या कुळातील तेपारी नावाचे काटक कडधान्य पिढ्यान्‌पिढ्या पेरीत आले आहेत.

आता पुराकडे वळू. तापून कडक झालेली जमीन जोराच्या सरीचे पाणी मुरू देत नाही. ते तसेच कोरड्या ओढ्यांत उतरते. १२ ऑगस्ट १९९७ रोजी उत्तर ॲरिझोनातील अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळीत अकरा पर्यटक वाहून गेले. घळीपाशी पाऊस असा फारसा नव्हताच. तो वरच्या अंगाला कित्येक मैल दूर पडला होता. पाणी चढलेल्या रस्त्यावरील अडसर ओलांडून कोणी गाडी आत घातली, तर सुटकेचा खर्च त्याच्याकडून वसूल करता येईल, असा कायदा त्या राज्याने १९९५ मध्ये केला आहे.

हा भाग शिकविताना आपल्या गावचा ओढा फळ्यावर काढावा. तो कोणत्या गावांच्या शिवारांतून, कोणत्या डोंगराच्या उतारावरून येतो, हे मुलांकडूनच वदवून घ्यावे. आपल्या अंगणात ऊन असताना कोणत्या गावच्या पावसाने आपला फरशीपूल पाण्याखाली जातो, याची माहिती त्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांस विचारून आणावी आणि नकाशात भरावी. ज्या शाळांतील मुले ओढा ओलांडून येतात, तेथील मुख्याध्यापकांनी वरच्या अंगाच्या शाळेचा दूरध्वनी क्रमांक या नकाशाखालीच लिहून ठेवावा, आणि तिकडे ढग काळवंडले असतील तर शाळा सोडण्याची घंटा देण्यापूर्वी एकदा विचारून घ्यावे.