बंद बाजारात झालेला सौदा

ऑप्शनच्या स्ट्रॅटेजीचा बॅकटेस्ट, म्हणजे जुन्या भावांवर चाचणी, करून देणारं सॉफ्टवेअर मी नागपूरच्या एका सेमिनारमध्ये घेतलं. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. पण तीच मंडळी आता चंद्रपूर, ब्रह्मपुरी, देसाईगंज अशा गावांत हॉल घेऊन बसतात. समोर असतात धानाचे व्यापारी, खाणीतून नाहीतर पॉवर स्टेशनमधून निवृत्त झालेले, हाती नुकतीच ग्रॅच्युइटी पडलेले लोक. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी एक सांगतो, कारण मला सगळ्यांनी हेच ऐकवलं: "न विचारता पैसे दिले असतील." मी विचारलं होतं. डेटा खरा आहे का? हो. एका मिनिटाचा आहे का? हो. खर्च धरला आहे का? हो. स्टॉपलॉस बाजारात लागतो तसाच लागतो का? त्यालाही हो. मूलला माझी राइस मिल आहे. धान घेताना पोत्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या दाण्यांवर आम्ही भाव ठरवत नाही, सळई खुपसून मधला माल काढतो. इथेही तेच केलं होतं. समोरचा खोटं बोलत होता, एवढंच.

पडद्यावर जे दाखवलं ते असं: सकाळी ९:२० ला निफ्टीचा स्ट्रॅडल, म्हणजे एकाच स्ट्राइकचे कॉल आणि पुट दोन्ही, विकायचा, दोन्ही लेगला पंचवीस टक्के स्टॉपलॉस, ३:१५ ला बाहेर. चार वर्षांचा आलेख जिना चढावा तसा वर जात होता. २०२४ च्या सुरुवातीला वर्षाचे पैसे आगाऊ भरले आणि थोड्याच दिवसांत खऱ्या पैशाने तेच सौदे सुरू केले. सॉफ्टवेअरच्या आकड्यात आणि ब्रोकरच्या कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये पहिल्या आठवड्यापासूनच फरक पडू लागला. सॉफ्टवेअर ज्या दिवशी नफा दाखवी त्या दिवशी माझी बरोबरी, ते बरोबरी दाखवी तेव्हा माझा तोटा.

फोन केला तर उत्तर मिळालं, "भाऊ, तुमच्या जंगलात नेट कसं असतं ते आम्हाला माहीत आहे. ऑर्डर उशिरा जात असेल." हे वाक्य मला अजून टोचतं. गडचिरोलीत पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं, हे खरं आहे. माझ्याकडेही वादळात लाइन जाते. पण ब्रोकरच्या ऑर्डर बुकात प्रत्येक ऑर्डरची वेळ सेकंदासकट असते. ती सगळी पानं मी पाठवली. एकही ऑर्डर उशिरा गेली नव्हती. त्यावर उत्तर आलं नाही.

मग ४ जून २०२४ आला. लोकसभेचा निकाल. निफ्टी एका दिवसात जवळपास सहा टक्के पडला. माझ्या पुटचा स्टॉपलॉस ओलांडून भाव पुढे निघून गेला, ऑर्डर तशीच लटकत राहिली. एनएसईने ऑप्शनमधली स्टॉपलॉस मार्केट ऑर्डर सप्टेंबर २०२१ मध्येच बंद केली आहे. आता स्टॉपलॉसला लिमिट द्यावी लागते, आणि भावाने लिमिटवरून उडी मारली की तुम्ही सौद्यातच अडकून पडता. संध्याकाळी सॉफ्टवेअर उघडलं. त्यात माझा स्टॉपलॉस नेमक्या ठरलेल्या भावाला, एक पैसाही इकडेतिकडे न होता, लागलेला होता.

त्या रात्री भाचा माझ्याकडे होता. तो म्हणाला, "मामा, ज्या दिवशी बाजारच बिघडला होता असा एखादा जुना दिवस काढा." मला लगेच २४ फेब्रुवारी २०२१ आठवला. त्या दिवशी एनएसईच्या यंत्रणेत बिघाड होऊन ११:४० ला व्यवहार थांबले, ते ३:४५ ला सुरू झाले आणि बाजार पाचपर्यंत चालला. ज्यांचे सौदे उघडे होते ते तो दिवस विसरणार नाहीत. दुसऱ्या दिवशी महिन्याची एक्सपायरी होती. तारीख टाकली. सॉफ्टवेअरने ९:२० ला स्ट्रॅडल विकला, दुपारी एकनंतर कॉलचा स्टॉपलॉस दाखवला आणि बरोबर ३:१५ ला पुट बंद करून नफा मांडला. दोन्ही वेळांना एनएसई बंद होतं. बीएसई चालू होतं, पण निफ्टीचे ऑप्शन तिथे नसतात. जो सौदा जगात कोणीच करू शकत नव्हतं, त्याचा नफा माझ्या पडद्यावर हिरव्या रंगात होता.

आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. मग एकेक तारीख काढत गेलो आणि सगळं उलगडलं. त्या सॉफ्टवेअरकडे ऑप्शनचे भाव नव्हतेच. निफ्टीचा आकडा आणि इंडिया व्हीआयएक्स हा अस्थिरतेचा निर्देशांक घेऊन ब्लॅक-शोल्सच्या सूत्राने ते प्रत्येक स्ट्राइकचा प्रीमियम तयार करत होतं, आणि मधली भोकं सरळ रेषेने बुजवत होतं. सूत्रातून आलेल्या भावाला घेणारा आणि विकणारा यांच्यातलं अंतर नसतं. घबराटीत पुट किती महाग होतात, एक्सपायरीच्या दुपारी लांबच्या स्ट्राइकला गिऱ्हाईकच कसं मिळत नाही, यातलं काही त्यात येत नाही. आलेख म्हणूनच इतका गुळगुळीत होता.

हे लिहून पाठवल्यावर आधी "डेटा थोडा स्मूथ केलेला असतो सर" असा निरोप आला. दुसऱ्या दिवशी मला व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं. पैसे मागितले तर बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात 'रिफंड नाही' असल्याचं दाखवलं. जंगलातल्या नेटने २०२१ चे भाव कसे बदलले, हे मात्र आजतागायत कोणी सांगितलेलं नाही.

आता ज्यांना सॉफ्टवेअर घ्यायचंच आहे त्यांच्यासाठी.

पहिला प्रश्न एकच विचारा: ऑप्शनचे भाव प्रत्यक्ष झालेल्या व्यवहारांचे आहेत की सूत्राने काढलेले? उत्तर लेखी घ्या. मग २४ फेब्रुवारी २०२१ ही तारीख तुमच्यासमोर चालवायला लावा. २२ जानेवारी २०२४ पण टाका, त्या दिवशी बाजाराला ऐनवेळी सुटी जाहीर झाली होती. त्या सोमवारी सौदा दिसला तर उठून घरी या. त्यानंतर एनएसईच्या साइटवरची भावकॉपी उतरवून घ्या, ती फुकट असते. त्यात प्रत्येक कॉन्ट्रॅक्टचा त्या दिवशीचा पहिला, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आणि बंद भाव असतो. तुमच्या मनाने काही जुने दिवस निवडा, विक्रेत्याला निवडू देऊ नका, आणि सॉफ्टवेअरचा भाव दिवसाच्या उच्च-नीच भावाच्या बाहेर जातो का ते बघा. माझ्याकडच्या सॉफ्टवेअरचा जात होता. त्या चार प्रश्नांपेक्षा या एका संध्याकाळच्या कामातून मला जास्त कळलं.

दुसरं, कॅलेंडर. बँक निफ्टीची साप्ताहिक एक्सपायरी सप्टेंबर २०२३ मध्ये गुरुवारवरून बुधवारी गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सेबीच्या नियमाने बंदच झाली. निफ्टीची सप्टेंबर २०२५ पासून मंगळवारी आली. एक्सपायरीला सुटी पडली तर ती आदल्या दिवशी होते. निफ्टीचा लॉट २०२१ नंतर ५० होता, एप्रिल २०२४ मध्ये २५ झाला, वर्षअखेरीस ७५. सगळ्या वर्षांना एकच वार आणि एकच लॉट लावणाऱ्या सॉफ्टवेअरचे रुपयांतले आकडे कामाचे नाहीत. बँक निफ्टीच्या साप्ताहिक सौद्यांचा कितीही सुंदर बॅकटेस्ट कोणी दाखवला तरी तो आज करताच येत नाही, आणि तरीही तो दाखवला जातो.

तिसरं, खर्च. ऑप्शन विकण्यावरचा एसटीटी एप्रिल २०२३ मध्ये ०.०६२५ टक्के झाला, ऑक्टोबर २०२४ मध्ये ०.१ टक्के. पण खरा खड्डा स्लिपेजचा, म्हणजे ठरलेल्या आणि मिळालेल्या भावातल्या फरकाचा. उदाहरणाला ७५ चा लॉट धरा. दोन लेगचं विकणं आणि घेणं म्हणजे चार व्यवहार. प्रत्येकात फक्त एक रुपया वाईट भाव मिळाला तरी ३०० रुपये गेले. ऑर्डरमागे २० रुपये ब्रोकरेज धरलं तर आणखी ८०, त्यावर जीएसटी आणि बाकीचे आकार वेगळे. हे दर दिवशी, दर लॉटला. सॉफ्टवेअरमध्ये स्लिपेज स्वतःच्या हाताने भरता येत नसेल तर ते घेऊ नका.

९:२० ऐवजी ९:२५ केलं, पंचवीस टक्क्यांऐवजी तीस केलं, की नफा कोसळतो का तेही पाहा. कोसळत असेल तर तो आकडा जुन्या दिवसांना बेतून शिवलेला आहे. शेवटचं एक वर्ष बाजूला झाकून ठेवा, आधीच्या वर्षांवर नियम ठरवा, मग झाकलेलं वर्ष उघडा.

आपल्या भागासाठी एवढंच, की वादळात लाइन जाते म्हणून डेटा आपल्या कॉम्प्युटरवर ठेवून चालणारं सॉफ्टवेअर बरं. आणि नेहमीच्या गोष्टी: वर्षाचे पैसे एकदम देऊ नका, रोख तर मुळीच नाही, पक्कं बिल घ्या, बोलणं लेखी ठेवा.

सेबीने २ सप्टेंबर २०२२ च्या परिपत्रकात ब्रोकरांना बजावलं आहे की अल्गो स्ट्रॅटेजीच्या मागच्या किंवा पुढच्या परताव्याचा दावा करायचा नाही, आणि असा दावा करणाऱ्यांशी संबंध ठेवायचा नाही. ते परिपत्रक मोबाइलवर ठेवा. सेमिनारमध्ये परताव्याची टक्केवारी पडद्यावर आली की कोणता ब्रोकर यांच्याशी जोडलेला आहे ते विचारा. ब्रोकर दोषी असेल तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार होते. नुसत्या सॉफ्टवेअर विकणाऱ्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोग आहे, सल्ल्यासाठी १९१५ हा हेल्पलाइन नंबर आहे. मी चंद्रपूरच्या आयोगातच गेलो.

सेबीचाच सप्टेंबर २०२४ चा अभ्यास सांगतो की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर होता. हा आकडा त्या हॉलमध्ये कोणी दाखवणार नाही. तुमच्या गावात असा सेमिनार लागला तर जरूर जा, मागच्या रांगेत बसू नका, आणि २४ फेब्रुवारी २०२१ चा बॅकटेस्ट सगळ्यांसमोर चालवायला सांगा.