बॅकयार्डातली नाशपाती: काढणी, पिकवण आणि साठवण

युरोपीय जातीची नाशपाती आतून बाहेर पिकत येते. ती झाडावरच पिकू दिली तर वरून ठीक दिसते, पण कापल्यावर गाभ्यापाशी तपकिरी लगदा निघतो आणि गर दाताखाली रवाळ लागतो. सिअ‍ॅटल, पोर्टलंड आणि भोवतालच्या गावांत बॅकयार्डासकट घर घेतलेल्या मराठी कुटुंबांची पहिल्या वर्षाची बरीच फळे याच कारणाने वाया जातात. आंब्याला पाड लागण्याची वाट पाहायची सवय असते, ती इथे सोडावी लागते. नाशपाती पूर्ण वाढलेली पण कडक असतानाच उतरवायची, आधी थंडीत ठेवायची आणि मग घरात पिकवायची. पुढची सगळी साठवण या क्रमावर अवलंबून आहे.

आपले झाड कोणत्या जातीचे आहे हे आधी ओळखावे. अमेरिकेतले नाशपातीचे बहुतांश पीक वॉशिंग्टन आणि ऑरेगन या दोन राज्यांत येते, त्यामुळे या भागातल्या जुन्या घरांच्या आवारातही चांगल्या जाती सापडतात. बार्टलेट ऑगस्ट ते सप्टेंबरच्या सुरुवातीला काढणीला येते आणि पिकताना हिरव्याची पिवळी होते. इंग्लंडमध्ये हीच जात विल्यम्स नावाने मिळते. लांब मानेची, तपकिरी खरखरीत सालीची ती बॉस्क. गोल, बुटकी आणि अतिशय रसाळ ती कॉमिस. अंड्याच्या आकाराची आणि पिकल्यावरही हिरवीच राहणारी ती आंजू. या तिन्ही हिवाळी जाती साधारण सप्टेंबरात काढणीला येतात. सफरचंदासारखी गोल, कुरकुरीत आशियाई नाशपाती मात्र वेगळी. ती झाडावरच पिकते, तोडल्याबरोबर खाता येते आणि तिला पिकवण्याची गरज नसते.

काढणीची वेळ ठरवायला रंगापेक्षा देठाची परीक्षा खात्रीची. लोंबणारे फळ तळहातात धरून अलगद वर उचलावे आणि आडवे करावे. देठ फांदीपासून सहज सुटला तर फळ तयार आहे. ओढावे किंवा पिळावे लागले तर आठवडाभर थांबावे. सगळी फळे एकदम तयार होत नाहीत, म्हणून दोन-तीन वेळा झाडाखाली जावे लागते. उंचावरच्या फळांसाठी कोकणात आंब्याला वापरतात तसा झेला इथल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. फळ देठासकट काढावे आणि टोपलीत टाकू नये, ठेवावे. नाशपाती कडक असली तरी तिची साल नाजूक असते. आज लागलेला मार महिन्याने काळा डाग होऊन दिसतो.

काढलेली फळे तेव्हाच निवडावीत. डाग, चीर, पक्ष्यांनी टोचलेली किंवा खालच्या टोकाशी भुसा दिसणारे भोक पडलेली फळे साठवणीत घालू नयेत. ते भोक कॉडलिंग मॉथ या पतंगाच्या अळीचे असते. अळीचा भाग कापून टाकला की उरलेली फोड त्याच दिवशी शिजवायला चांगली. देठ शाबूत असलेली निर्दोष फळे तेवढी थंडीत जातात. व्यावसायिक कोठारांत नाशपाती शून्याच्या किंचित खाली, उणे १ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि दमट हवेत ठेवतात. घरच्या फ्रीजमध्ये ३-४ अंश मिळतात, तेवढ्यावरही काम भागते. गॅरेजमधला दुसरा फ्रीज असल्यास तो या महिन्यांपुरता मोकळा करावा. फळे न धुता, भोके पाडलेल्या पिशवीत ठेवावीत. सफरचंदे त्याच कप्प्यात नकोत, कारण त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने नाशपाती लवकर पिकते. कांदा-लसणाचा वासही ती धरते. आठवड्यातून एकदा सगळी फळे पाहून नासके फळ बाहेर काढावे.

ही थंडी केवळ टिकवण्यासाठी नसते. हिवाळी जाती थंडीत राहिल्याशिवाय नीट पिकतच नाहीत. तशाच बाहेर ठेवल्या तर सुरकुततात, पण मऊ आणि रसाळ होत नाहीत. बार्टलेटला एक-दोन दिवस पुरतात. बॉस्क, कॉमिस आणि आंजू यांना २ ते ६ आठवडे लागतात, त्यात आंजूला सर्वांत जास्त. त्यानंतर लागतील तेवढीच फळे बाहेर काढून १८ ते २४ अंशांच्या खोलीत ठेवावीत. बार्टलेट चार-पाच दिवसांत पिकते, बॉस्क आणि कॉमिस पाच ते सात, आंजू सात ते नऊ. कागदी पिशवीत सोबत एखादे पिकले केळे ठेवले तर आणखी लवकर. पिकल्याची खूण देठाजवळच्या मानेवर: अंगठ्याने हलकेच दाबल्यावर तिथे फळ दबले की ते खायला तयार. पोट दबेपर्यंत थांबले तर उशीर झालेला असतो. या हिशेबाने बार्टलेट गणपतीच्या आगेमागे खायला येते आणि कॉमिस दिवाळीपर्यंत पुरवता येते. सत्यनारायणाच्या शिऱ्यात केळ्याच्या जागी पिकलेल्या नाशपातीचा गर घालणारी घरे आहेत आणि तो शिरा खरोखर उत्तम होतो.

फ्रीजमध्ये मावत नाही तेवढे फळ बरण्यांत भरावे, आणि नवागतांनी सर्वाधिक काळजी इथेच घ्यावी. मोहरी-तेल घालून कैरीचे लोणचे वर्षभर टिकते ते मिठाबरोबर कैरीच्या आंबटपणामुळे. नाशपातीत तेवढे आम्ल नसते. तिचे तेलातले लोणचे थोडेच करावे, फ्रीजमध्ये ठेवावे आणि लवकर संपवावे. ते बाहेर फडताळात ठेवणे धोक्याचे आहे. फडताळात ठेवायच्या फोडी पाकात घालून उकळत्या पाण्यात सीलबंद कराव्यात. पिकलेली पण घट्ट फळे सोलून, अर्धी करून, गाभा काढून लिंबाच्या पाण्यात टाकावीत म्हणजे काळी पडत नाहीत. साखरेच्या पातळ पाकात पाच मिनिटे उकळून ती गरम असतानाच मेसन जारमध्ये भरावीत आणि वर अर्धा इंच जागा मोकळी सोडावी. खोल पातेल्यात तळाला जाळी ठेवून त्यावर जार उभे करावेत; झाकणावर किमान एक इंच पाणी हवे. समुद्रसपाटीपासून १,००० फुटांपर्यंत पाइंटचा जार २० मिनिटे आणि क्वार्टचा २५ मिनिटे उकळतो. १,००० ते ३,००० फुटांवर दोन्हींना पाच मिनिटे अधिक लागतात. क्वार्टच्या एका जारला साधारण सव्वा किलो फळ लागते. आशियाई नाशपातीत आम्ल आणखी कमी असल्याने प्रत्येक पाइंटमागे एक टेबलस्पून बाटलीतला लिंबाचा रस घालणे सक्तीचे. ताज्या लिंबाचा आंबटपणा फळागणिक बदलतो. शिट्टीचा भारतीय कुकर या कामाला प्रेशर कॅनर म्हणून वापरू नये. थंड झाल्यावर जे झाकण मध्ये दाबून वर-खाली होते ते सील झालेले नाही, तो जार फ्रीजमध्ये ठेवून आधी वापरावा.

मुरंब्याला किंचित कच्ची फळे घ्यावीत, फोडी अखंड राहतात. जॅमला पिकलेली चालतात, पण त्यांत पेक्टिन कमी असते, म्हणून लिंबाचा रस आणि बाजारचे पेक्टिन घालावे लागते. वेलची आणि केशर दोन्हीकडे शोभतात.

फ्रीजरसाठी चार कप पाण्याला पावणेतीन कप साखर घेऊन पाक करावा, त्यात फोडी एक-दोन मिनिटे उकळाव्यात आणि गार करून पाकासकट भराव्यात. वर्षभराच्या आत वापराव्यात. वाळवण उन्हात करण्याचा मोह टाळावा, कारण इथे सप्टेंबरात रात्री दमट असतात. डीहायड्रेटरमध्ये ६० अंशांच्या आसपास पातळ काप एक ते दीड दिवसात चामट वाळतात. ही वाळवलेली नाशपाती मुलांच्या डब्यात चांगली चालते, मात्र तिच्यातल्या सॉर्बिटॉलमुळे एका वेळी फार खाल्ल्यास पोट बिघडते.

एवढे करूनही मोठ्या झाडाची फळे उरतात. खाली पडलेली रोजच्या रोज उचलावीत. त्यांवर गांधीलमाश्या आणि उंदीर येतात आणि डोंगराजवळच्या इसाक्वासारख्या गावांत काळी अस्वलेही येतात. चांगली फळे मंडळात, शेजारी किंवा फूड बँकेत द्यावीत. सिअ‍ॅटलमध्ये सिटी फ्रूट ही संस्था घरच्या झाडांवरची जास्तीची फळे उतरवून गरजूंपर्यंत पोचवते. गाडीत घालून डोंगरापलीकडे पूर्व वॉशिंग्टनमधल्या मित्रांकडे मात्र नेऊ नयेत. ॲपल मॅगट या माशीच्या अळीपासून तिथल्या बागा वाचवण्यासाठी क्वारंटाइन भागातली घरची फळे कीडमुक्त भागात नेण्यास राज्याची बंदी आहे, आणि तशा पाट्या हायवेवर लावलेल्या आहेत.