जिना आणि वार्धक्य

'आता वय झाले' हे वाक्य आपल्या घरांत इतके सहज उच्चारले जाते की, त्यामागे काय घडत असते याचा विचार फारसा होत नाही. परंतु वार्धक्य आणि दुर्बलता या दोन गोष्टी एक नव्हेत. ठाण्याच्या मासुंदा तलावाभोवती ऐंशीचे आजोबा फेरी मारताना दिसतात, तर अडुसष्टीच्या आजींना खुर्चीतून उठणे जड जाते.

या दुर्बलतेला वैद्यकात 'फ्रेल्टी' म्हणतात. अमेरिकेतील लिंडा फ्रीड व सहकाऱ्यांनी २००१ साली तिच्या पाच खुणा सांगितल्या : आपोआप वजन घटणे, सततचा थकवा, हाताची पकड सैल होणे, चाल मंदावणे आणि हालचाल कमी होणे. तीन किंवा अधिक खुणा आढळल्या तर दुर्बलता. एक-दोन असल्या तर तिची पूर्वावस्था.

ही पूर्वावस्था आमच्या डोंबिवली-कल्याणकडे कशी येते? येथे लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली जुन्या इमारती पुष्कळ. तिसऱ्या मजल्यावरील आजींचे गुडघे दुखू लागले की आधी बाजार सुटतो, मग देऊळ, मग शेजारणीकडचे बसणे. भाजी मुलगा आणतो, तेही प्रेमापोटीच. न वापरलेले स्नायू झिजतात, म्हणून जिना अधिकच जड होतो. भूक मंदावते, चहा-बिस्किटावर भागवले जाते, प्रथिने कमी पडतात आणि स्नायू आणखी झिजतात. त्यात एखादे आजारपण आले, आठवडाभर अंथरूण धरले, की गेलेली ताकद सहजी परत येत नाही. सकाळच्या लोकलने जाऊन रात्री परतणाऱ्या मुलांना हा बदल जाणवतही नाही.

न्यू हेवन येथे घरी राहणाऱ्या सत्तरी व त्यापुढील ७५४ जणांचे साडेचार वर्षे निरीक्षण झाले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार निम्म्याहून अधिकांची अवस्था या काळात बदलली. बरेचसे घसरले, पण काही एक पायरी वरही आले. पूर्ण दुर्बलतेतून थेट सुदृढ होणे मात्र अत्यंत विरळ.

म्हणूनच पहिल्या खुणेलाच जागे व्हावे, असे मला वाटते. डॉक्टरांना विचारून खुर्चीतून उठण्या-बसण्याचा रोजचा व्यायाम, ताटात डाळ, दूध किंवा अंडे, आणि कोणाच्या सोबतीने दिवसातून एकदा जिना उतरणे, एवढे तरी घरोघर जमण्यासारखे आहे. 'आजी, तुम्ही बसा' म्हणण्याऐवजी 'चला, मी बरोबर येतो' म्हणणारा नातू त्यासाठी हवा.