पदवीनंतरचं पहिलं वर्ष

पैठण

चि. सोनू,


परवा फोनवर तू विचारलंस, "आत्या, आता पुढे काय?" दोन मिनिटांत उत्तर देण्यासारखा तो प्रश्न नव्हता, म्हणून लिहायला बसले.

पेढे वाटून झाले, सगळ्यांनी कौतुक केलं, आणि आता येणारा-जाणारा प्रत्येक जण तुला हेच विचारतोय. तू टीव्ही सेंटरजवळ मैत्रिणींबरोबर खोली करून राहिली आहेस. दिवसभर अभ्यासिकेत राज्यसेवेची पुस्तकं वाचतेस, एम.एस्सी.चा फॉर्मही भरून ठेवला आहेस. वाळूजच्या औषध कंपनीत क्यूसी लॅबमधली नोकरी चालून आली आहे, तिला अजून हो म्हटलं नाहीस आणि नाहीही म्हटलं नाहीस. रात्री झोप लागत नाही म्हणालीस, ते यामुळेच.

आधी एक सांगते. बी.एस्सी.ला आता कोण विचारतं, असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नकोस. बाबासाहेबांनी 1950 साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढलं, तेव्हा मराठवाड्यात कॉलेज शोधावं लागत होतं. आपलं विद्यापीठ झालं 23 ऑगस्ट 1958 ला. त्याआधी उच्च शिक्षण म्हटलं की हैदराबादच्या उस्मानियाचं नाव निघायचं. त्या पिढीच्या बापांनी मुलांसाठी जे मागितलं, ते तुला मिळालं आहे. आपल्या घरात सायन्सची पदवी घेतलेली तू पहिली मुलगी.

पण पदवीचा कागद पुढचं आयुष्य ठरवून देईल, असं समजू नकोस. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही भावंडं शुद्धिपत्र मागायला आपल्याच गावात आली होती, अशी परंपरा आहे. सगळ्यांना रेड्याची गोष्ट तेवढी आठवते. मला त्यापुढचं मोलाचं वाटतं. इथून ती नेवाशाला गेली आणि तिथे शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरी पुरी झाली. पैठणच्या त्या पत्रात काय लिहिलं होतं, हे आज कुणी विचारत नाही.

आता तुझ्या आजोबांचं ऐक. बाबाने हे तुला कधी नीट सांगितलं नसेल, तो तेव्हा फार लहान होता. जायकवाडी धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते 18 ऑक्टोबर 1965 ला झाली आणि लोकार्पण इंदिरा गांधींनी केलं, 24 फेब्रुवारी 1976 ला. मधली दहा वर्षं आपल्या जुन्या गावासारख्या बुडितातल्या गावांनी कशी काढली, ते मी लहानपणी पाहिलं. गाव उठणार हे ठाऊक, कधी उठणार ते कुणालाच ठाऊक नाही. मोबदला किती मिळेल, जमीन कुठे मिळेल, सगळं अधांतरी. पारावर दुसरा विषय नसायचा. पुष्कळांनी विहिरीतला गाळ काढणं सोडलं, बांध घालणं सोडलं. उद्या पाण्यातच जायचं तर पैसा कशाला घाला, असा हिशोब. तो चुकीचा होता असंही नाही.

आजोबांनी मात्र दरवर्षी तिफण धरली. शेवटच्या वर्षीसुद्धा. ज्वारी काढली, आणि कडबा गाड्या भरभरून नव्या गावठाणावर नेऊन रचला. नव्या जागी माळरान होतं, गवताची काडी नव्हती. त्या कडब्यावर आपले बैल जगले, म्हणून तिथलं पहिलं पीक उभं राहिलं. ज्यांनी आधीच हात आखडला होता, त्यांना पहिल्या उन्हाळ्यात वैरण विकत घ्यावी लागली, काहींना बैल विकावे लागले. आजही धरणाच्या नाथसागराचं पाणी ओसरलं की काठची माणसं उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेरा करतात. पाणी पुन्हा चढणार, हे त्यांना माहीत असतं.

तुझंही तसंच आहे. तुझ्या परीक्षेची जाहिरात कधी येईल, जागा किती निघतील, निकाल कधी लागेल, यातलं काही तुझ्या हातात नाही. 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, त्यामुळे जुन्या पद्धतीने तयारी केलेल्या कितीतरी मुलांना नव्याने लिहायला शिकावं लागलं. खुल्या प्रवर्गाला 38 वर्षांपर्यंत आणि मागासवर्गीयांना 43 पर्यंत परीक्षा देता येते. लोक त्याला सवलत म्हणतात. मला त्यात मोठा धोका दिसतो, कारण थांब म्हणून सांगणारं कुणी उरत नाही. 'यंदा थोडक्यात गेलं' म्हणत माणूस तिशीत पोचतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. लॅबमधली नोकरी धर. दोन वर्षं कर. परीक्षा सोडू नकोस, पण प्रयत्न दोनच, हे आजच कागदावर लिहून ठेव. शिफ्ट असेल, कंपनीच्या बसमध्ये रोजचे तास जातील, अभ्यास मागे पडेल, हे मला कळतं. तरी परीक्षा हुकली तर दोन वर्षांचा अनुभव तुझ्याजवळ राहील, आणि एम.एस्सी. त्यानंतरही करता येते. रुजू होण्याआधी एवढं विचार: नेमणूकपत्र कंपनीचं की कंत्राटदाराचं, पीएफ कापतात का, रात्रपाळीला मुलींसाठी घरापर्यंत गाडी आहे का. मूळ मार्कशीट कुणी ठेवून घेतो म्हणालं तर तिथून सरळ परत ये.

शेजारची एक मुलगी अशाच लॅबमध्ये काम करते. ती सांगत होती, नोंदवहीत आकडा चुकला तर खोडायचा नाही, व्हाइटनर लावायचा नाही. त्यावर एकच आडवी रेघ, जुना आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. ऐकताना मला एकनाथ महाराज आठवले. पोरवयात पैठण सोडून ते देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले. स्वामींकडे किल्ल्याचा कारभार, आणि नाथांच्या वाट्याला आलं हिशोबाचं काम. एका पैचा मेळ लागेना म्हणून त्यांनी अख्खी रात्र वह्या चाळण्यात काढली, अशी कथा आहे. कीर्तनकार त्यातून एकाग्रतेचा महिमा सांगतात, तो खराच. मला आणखी एक दिसतं. याच नाथांनी पुढे, 1584 साली, ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून, घुसलेले पाठ काढून शुद्ध प्रत तयार केली. पैची चूक शोधणारी नजर तिथे कामी आली असणार, असं मला मनापासून वाटतं. हिशोब लिहिणाऱ्या त्या पोराला पुढचं काय ठाऊक होतं?

खोलीभाड्याची काळजी करू नकोस. पहिला पगार हाती येईपर्यंत मी आहे, आणि ते पैसे परत द्यायचे नाहीत.

एकच मागणं आहे. बाबा तुला रागावणार नाही, त्याला फक्त अंधारात राहणं सहन होत नाही. कंपनीला या आठवड्यात होकार कळव आणि त्याच दिवशी बाबाला तू स्वतः फोन कर. दोन वर्षं, दोन प्रयत्न, हे त्याला तुझ्या तोंडून कळू दे, माझ्याकडून नको.

तुझी,
आत्या