ब्रँड उभा करताना पहिला पैसा नावावर

वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी परिसरात संत्र्याचा रस, मुरब्बा, हळद किंवा तिखट पाकिटात भरून विकायला निघालेला माणूस आधी लोगो आणि फ्लेक्सवर पैसे घालतो. माझ्या मते पहिला पैसा नावावर जायला हवा. लोगो पुढे बदलता येतो. पण गिऱ्हाइकाच्या तोंडी बसलेलं नाव दुसऱ्यानं आधीच नोंदवलेलं निघालं, तर पाकिटांपासून पाटीपर्यंत सगळं नव्यानं करावं लागतं.

'आष्टी संत्रा' असं सरळसोट नाव घेऊ नका. गावाचं किंवा मालाचं नुसतं नाव कायद्यानं सहसा एकाच्या मालकीचं करता येत नाही. वायगावच्या हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, नागपुरी संत्र्यालाही ते आहे. त्या नावाखाली विकायचं, तर माल त्याच भागातला हवा आणि 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून वेगळी नोंदणी हवी. आणखी एक सांगावंसं वाटतं. चले जाव चळवळीतल्या 16 ऑगस्ट 1942 च्या लढ्यामुळे आपल्या आष्टीच्या नावाला 'शहीद' हा शब्द जोडला गेला. तो सगळ्या गावाचा आहे, पाकिटावर विकायला नाही.

नाव सुचलं की ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर शोधून पाहा. शोध फुकट आहे. उच्चार सारखा असलेली नावंही तपासा. ऑनलाइन अर्जाला व्यक्ती किंवा लघुउद्योगाला मालाच्या प्रत्येक वर्गासाठी 4,500 रुपये लागतात, इतरांना 9,000. बचत गटानं किंवा भागीदारी संस्थेनं आधी लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी करावी. ती मोफत आहे आणि तिच्यामुळे निम्मं शुल्क वाचतं. वर्गांची मात्र काळजी घ्या. हळद-तिखट 30 मध्ये, मुरब्बा 29 मध्ये, रस 32 मध्ये येतो. तिन्ही नोंदवले तर 13,500 रुपये होतात. आज जे विकता तेवढंच नोंदवा. नुसतं अक्षरी नाव आधी घ्या, चित्र नंतर. ट्रेडमार्क जर्नलमध्ये नाव प्रसिद्ध झाल्यावर हरकतीसाठी चार महिने असतात. प्रमाणपत्र हाती येईपर्यंत 'टीएम' लिहा, गोलातला 'आर' छापू नका. नोंदणी दहा वर्षं टिकते.

खाद्यपदार्थ असल्यानं छोट्या व्यावसायिकाची अन्नसुरक्षा नोंदणी वर्षाला 100 रुपयांत होते, तिचा 14 आकडी क्रमांक पाकिटावर येतो. वैधमापन विभागाकडे पॅकर म्हणून नोंदणीला 500 रुपये. म्हणजे एका वर्गासह सरकारी खर्च 5,100 रुपये. एजंटाची फी वेगळी. ती ठरवताना आक्षेपाचं उत्तर आणि सुनावणी त्यात धरली आहे का, हे लेखी घ्या. नंतरचा वाद बहुधा तिथेच होतो.

छापील पाऊचला प्रत्येक रंगाचं सिलिंडर लागतं, आणि छपाईही मोठ्या संख्येतच परवडते. म्हणून सुरुवातीला साधा पाऊच आणि स्टिकर पुरे. वजन, किंमत, पॅकिंगचा महिना, पत्ता आणि तक्रारीसाठी फोन मात्र त्यावर हवाच.

वर्ध्याची गोरसपाक बिस्किटं परगावी निघालेला माणूस आठवणीनं बांधून घेतो, कारण चव ठरलेली आहे. ती ठरलेली ठेवायला चाचणीवर पैसे राखून ठेवा. प्रक्रिया आणि पॅकिंगबद्दल वर्ध्याच्या मगनवाडीतल्या महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेत विचारा. फ्लेक्सचा विचार पहिली खेप विकून लोक परत मागायला लागल्यावर करा.