आंतररुग्ण विभागातील उपक्रमांचे संकेतांक : निवड कशी करावी?

विमा नियामक प्राधिकरणाने ३१ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकाद्वारे आयुष उपचारांना अन्य उपचारांच्या बरोबरीने लेखण्याचे निर्देश विमा कंपन्यांना दिले. त्यामुळे पंचकर्मासाठी दाखल झालेल्या रुग्णाची केसपेपरवरील नोंद आता विमा कंपनीपर्यंत पोहोचते. तेथे आपले कर्म संकेतांकाने, म्हणजेच कोडने, ओळखले जाते.

त्यानंतरचा आमचा एक अनुभव. काटोलकडील एक संत्रा बागायतदार गृध्रसीसाठी नागपुरातील एका रुग्णालयात आमच्या देखरेखीखाली दाखल होते. योगबस्तीचा क्रम व सोबत कटिबस्ती, अशी योजना होती. केसपेपरवर आम्ही लिहिले, 'बस्ती ८, कटिबस्ती ७'. लिपिकाने बेरीज करून पंधरा बस्तींचा एकच संकेतांक लावला. दावा परत आला व रुग्णाला उसनवारी करून देयक भरावे लागले. लिपिकाला दोष देता येत नाही. चूक आमच्या नोंदीत होती.

१) रोगाचा संकेतांक व उपक्रमाचा संकेतांक भिन्न आहेत.
२०१७ पासून उपलब्ध असलेले 'नमस्ते' पोर्टल आणि जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीत प्रकाशित झालेले आयसीडी-११ चे पारंपरिक वैद्यकाचे दुसरे मोड्यूल यांत व्याधींचे संकेतांक आहेत. रुग्णाला काय झाले, हे त्यांतून कळते. आपण काय केले, ते कळत नाही. उपक्रमांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे 'इची' हे स्वतंत्र वर्गीकरण आहे. त्यात पंचकर्मादी उपक्रमांचा समावेश व्हावा, यासाठी आयुष मंत्रालयाने २४ मे २०२५ रोजी संघटनेशी करार केला. दावा भरताना मात्र संबंधित विमा कंपनीची किंवा योजनेची सूचीच पाहावी.

२) तीन प्रश्न विचारावेत.
'इची'ची रचना तीन अंगांवर उभी आहे : कर्म कशावर केले, कोणते कर्म केले आणि कोणत्या मार्गाने वा साधनाने केले. कोणतीही सूची हाती असली तरी हेच प्रश्न उपयोगी पडतात. निरूहात क्वाथप्रधान द्रव्य गुदमार्गाने पक्वाशयात जाते. कटिबस्तीत उडदाच्या पिठाची पाळ बांधून कटिप्रदेशी कोमट तेल धारण करतात. ते बाह्य स्नेहन होय. उत्तरबस्तीचा मार्ग मूत्रमार्ग वा योनिमार्ग असतो. तिन्ही नावांत 'बस्ती' आहे. उपक्रम मात्र तीन आहेत.

३) संख्या प्रकारानुसार लिहावी.
योगबस्तीतील आठ बस्तींपैकी पाच अनुवासन व तीन निरूह असतात. 'बस्ती ८' अशी नोंद अपुरी ठरते. रक्तमोक्षणातही जलौकावचारण की सिरावेध, हे स्पष्ट लिहावे. रात्री दिलेले सौम्य अनुलोमन विरेचनकर्म म्हणून नोंदवू नये.

४) प्रत्यक्ष झालेलेच नोंदवावे.
वमनासाठी स्नेहपान झाले, पण रुग्णाला ज्वर आल्याने वमन स्थगित केले, तर वमनाचा संकेतांक लावता येत नाही. वमनापूर्वीचे अभ्यंग-स्वेदन पॅकेजमध्ये अंतर्भूत असल्यास त्याची वेगळी आकारणी करू नये. तेच अभ्यंग स्वतंत्र चिकित्सा म्हणून दिले असल्यास तसे कारणासह लिहावे.

५) औषधालयाचे देयक नोंदीशी जुळावे.
तीन निरूहांची नोंद असताना देयकात केवळ तेल दिसले, तर शंका येणारच. क्वाथद्रव्ये, मध, सैंधव, स्नेह व कल्क यांचे प्रमाण आणि दिनांक औषधालयचालकांनी केसपेपरशी ताडून पाहावेत.

संकेतांक लिपिक लावतो. पण त्याचा आधार वैद्याची नोंद हाच असतो. कर्माचे पूर्ण नाव, मार्ग, द्रव्य, मात्रा, दिनांक व स्वाक्षरी एवढे त्याच दिवशी लिहिण्यास पाच मिनिटे पुरतात. त्या बागायतदारांच्या देयकानंतर आम्ही ती पाच मिनिटे चुकवलेली नाहीत. वैद्यबंधु-भगिनींनीही ती राखून ठेवावीत, ही विनंती.